अकरा सेकंद

मधुकरच्या पदरात दोन वर्षं पडायची होती. साठीनंतरची, नोकरीत वाढवून मिळणारी. वरवर पाहता माल किरकोळ, पण त्याने हिशेब बरोबर मांडला होता. दोन वर्षं म्हणजे सकाळी आठला खांदेश्वरच्या फ्लॅटमधून डबा घेऊन बाहेर पडायचे सहाशे दिवस. सोसायटीच्या टँकरची वही न सांभाळण्याचे, आणि बायकोने, वैजयंतीने, "आता घरीच असता ना" म्हणत दळणाची पिशवी हातात न देण्याचेही तितकेच. निवृत्त माणसाचं काय होतं, ते तळमजल्यावरच्या बाकावर त्याला रोज बसलेलं दिसायचं.

देणारे होते उदयसिंह. एपीएमसीत कांद्याचे तीन गाळे, खोपोलीपलीकडे एक धावपट्टी आणि तिच्यावर चार माणसांचं विमान. त्या विमानात काट्यांची गोल घड्याळं नव्हती. समोर दोन मोठे पडदे. वेग, उंची, विमान सरळ आहे की कललंय, सगळं त्यांच्यावर. ते पडदे सांभाळायचं काम मधुकरचं. शिवाय शेपटीकडे पॅराशूट. छतातली लाल मूठ ओढली की अख्खं विमानच छत्रीला लटकून खाली यायचं. उदयसिंह पाहुण्यांना आधी ती मूठ दाखवत, मग इंजिन. शनिवारी कराडला पुतण्याचा साखरपुडा होता, आणि नवरदेव विमानातून उतरणार ही बातमी मुलीकडे कधीच पोचली होती.

"शनिवार नीट पार पाडा मधुकरराव, सोमवारी तुमच्या कागदावर सही," ते म्हणाले होते.

गुरुवारी तेजश्री विमान उतरवून थेट मधुकरकडे आली. ती या विमानाची पायलट, वय सव्वीस. तिच्या बापाने, हौसेरावाने, तीस वर्षं उदयसिंहांच्याच गाळ्यावर पोती वाहिली होती. ती म्हणाली, कर्जतवर असताना दोन्ही पडदे एकदम काळे झाले. ऊन होतं, खाली डोंगर दिसत होते, म्हणून निभावलं. परत लागले. तिने मोजले होते, अकरा सेकंद. बोलता बोलता तिने दोषांची वही उघडली.

मधुकरने वहीवर हात ठेवला. वहीत दोष चढला की विमान जमिनीवर. पडद्यांना वीज देणारा डबा काढून परदेशी पाठवायचा, तीन आठवडे धरून चालायचं. शनिवार गेला, सोमवार गेला. यातलं सोमवारचं त्याने तिला सांगितलं नाही.

"आत्ता लिहू नकोस, पोरी. आधी मी बघतो. काही निघालं तर मीच लिहीन."

"काका, नियम आहे."

"नियम मला शिकव आता. मोठे पडदे दोन, खाली छोटा तिसरा, वर छत्री. अजून किती पाहिजे तुला?"

"छत्री गृहीत धरून काम करायचं नसतं, काका," ती हसून म्हणाली. पण वही मिटली. नोकरीला लागल्यापासून एकेक वायर तिला ह्याच माणसाने समजावली होती.

छोट्या पडद्यालाही वीज त्याच डब्यातून यायची. मधुकरला ते ठाऊक होतं, पण त्या घटकेला ते त्याने हिशेबात धरलं नाही. पॅनेलमागे हात घातला तर एक प्लग सैल लागला. त्याने तो अंगठ्याने दाबला, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळला, चाळीस मिनिटं इंजिन चालवलं. पडदे देवघरातल्या समईसारखे शांत तेवत राहिले. वहीत काही नव्हतं, म्हणून उत्तरादाखलही काही लिहावं लागलं नाही.

शनिवारी मुळशीच्या वर, ढगात, तिन्ही पडदे गेले. अकरा मोजून झाले, वीस झाले, आले नाहीत. ढगात वर-खाली कळत नाही. तेजश्रीने इंजिन बंद करून लाल मूठ ओढली. छत्री उघडली, तेवढं छत्री बनवणाऱ्यांच्या नावावर जमा. मात्र विमान अलगद टेकतं हा उदयसिंहांचा समज होता. ते पहिल्या मजल्यावरून टाकावं तसं आपटतं. डावी बाजू खडकाळ बांधावर आली, आणि पायलट डावीकडे बसते. उदयसिंहांचं कोपर खरचटलं. नवरदेवाचा फेटा चिखलात गेला. दोघे संध्याकाळी जीपने कराडला पोचले, तेव्हा विमानातून उतरण्यापेक्षा विमानासकट पडून वाचल्याचा मान मोठा ठरला.

तेजश्रीच्या कण्याचा एक मणका चेपला, दुसऱ्याला तडा गेला.

चौकशीचे साहेब तिला भेटायच्या आदल्या दिवशी मधुकर वैजयंतीला घेऊन हॉस्पिटलात गेला. हातात दोन शहाळी. हौसेराव उठून उभा राहिला.

"बसा की, साहेब. तुमी मशीन जपलं, म्हनून पोरगी हाताला लागली."

मधुकर शहाळी ठेवायला जागा शोधत राहिला. शेवटी हौसेरावच ती फोडून आणायला घेऊन गेला, वैजयंतीही मागोमाग गेली. तेजश्रीला मान वळवता येत नव्हती, ती छताकडे बघत बोलली.

"उद्या विचारतील, काका. आधी पडदे गेले होते का."

त्याने खाटेजवळचं स्टूल ओढलं.

"वहीत लिहायचं काम माझं होतं. सांगितलं तर माझंही लायसन जाईल. मी सांगणार, नव्हते गेले."

तू सांग, मीही सांगतो, एवढं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. तो म्हणाला, "शहाळं थंड नाहीये. घशाला बाधायचं नाही."

तिने नाही म्हणून सांगितलं. मधुकरने कोरी वही दाखवली. सही सोमवारऐवजी बुधवारी झाली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की हा कणा पायलटच्या तपासणीत पुन्हा पास होणार नाही. ज्या लायसनपायी ती गप्प बसली, ते आता नुसता कागद होता. मधुकर आठ दिवस फोनची रिंग ऐकून दचकत होता. ती चौकशीवाल्यांना काही बोलली नाही. का, ते त्याने विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर ते ऐकायची त्याची ऐपत नव्हती.

तर जमाखर्च असा. विमानाची भरपाई विमा कंपनीने केली. उदयसिंहांचं नवं विमान आलं, त्यालाही छत्री आहे. मधुकरला दोन वर्षं मिळाली. तो आठला डबा घेऊन निघतो, आणि जेवायला बसला की डबा तसाच झाकून ठेवतो. तेजश्रीच्या पायांत निम्मीच ताकद परतली. आणि पोरीला नोकरी लागली तेव्हा ज्याने पाठीवरचं पोतं कायमचं उतरवलं होतं, तो हौसेराव शिरवणे गावातल्या खोलीत रोज पुन्हा वाकतो. सकाळी तिला खाटेवरून खुर्चीत, संध्याकाळी खुर्चीतून खाटेवर. भेटेल त्याला सांगतो, मधुकरसाहेबांनी मशीन जपलं म्हणून.