आठ की सोळा

आमच्या घरात प्रिंटर अडला, कुणाचा फोन तापला किंवा टीव्हीतल्या माणसाचे ओठ आणि आवाज जुळेनासे झाले, की हाक मला. दादा मला 'साहेब' म्हणतो, अर्थात चिडवायला. एका ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करतो, एवढीच माझी साहेबी. पण नाकानं कांदे सोलण्यात मी कुणाला हार जायचा नाही.

म्हणूनच वहिनी दोन ग्राफिक्स कार्डांची नावं कागदावर लिहून घेऊन आली, तेव्हा मी आधी चष्मा काढून नीट पुसला.

वहिनी पूर्वी एका आर्किटेक्ट मॅडमच्या हाताखाली नकाशे काढायची. पुतणी झाली आणि नोकरी सुटली. मग घरातलं सगळं सांभाळून तिनं नवं काम शिकून घेतलं. न बांधलेली इमारत पडद्यावर उभी करायची आणि तिच्यातून फिरवून आणणारी फिल्म करून द्यायची. सात वर्षांनी मॅडमनी तिला पहिलं काम देऊ केलं होतं, एका तीन मजली वाचनालयाचं. हे जमलं तर पुढची सगळी कामं तिच्याकडे येणार होती. जुन्या कॉम्प्युटरवर मात्र ते चालण्यातलं नव्हतं, त्यात चित्रं उभी करणारं दमदार कार्ड हवं होतं.

"किंमत दोन्हींची सारखीच आहे," ती म्हणाली. "भावजी, तुम्ही सांगाल ते घेते."

मी दोन दिवस खपून तक्ता केला. पहिलं कार्ड गेममध्ये सेकंदाला एकशेवीस चित्रं दाखवत होतं, दुसरं कसंबसं ऐंशी. दुसरं वीज कमी खायचं, तापायचंही कमी. हे सगळं मी लिहिलं, आणि एक आकडा खोटा असेल तर कान उपटा माझे. फक्त एक ओळ लिहिली नाही. पहिल्याची मेमरी आठ जीबी होती, दुसऱ्याची सोळा.

मला कळत नव्हतं असं समजू नका. खेळाला वेग लागतो, वहिनीच्या कामाला जागा लागते. भिंती, झाडं, खुर्च्या, पुस्तकं, सगळं त्या मेमरीत एकदम मावावं लागतं. मावलंच नाही तर वेग घेऊन काय चाटायचाय? हे मी स्वतः ऑफिसात चारचौघांना ऐकवलेलं आहे. पण गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम मी वर्षभर लोकांच्या व्हिडिओत बघून जिभल्या चाटत होतो, आणि रविवारी वहिनीचा कॉम्प्युटर रिकामाच असणार होता. आपल्या पोळीवर तूप ओढून घेतलं, दुसरं काही नाही.

तिनं विचारलं नाही असंही नाही. दोन्हींची माहिती वाचून ती म्हणाली, "ही मेमरी आठ आणि सोळा आहे. त्यानं काही फरक पडेल का हो?"

"छे गं! तो नुसता जाहिरातीचा आकडा. आपण वेग बघायचा." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पाच रविवार मी गाडी पळवली. वहिनी स्वतःची खुर्ची मला द्यायची, वर पाठीला उशी आणून द्यायची. "खेळा हो, आठवडाभर राबता," म्हणायची आणि कपडे वाळत घालायला गच्चीत जायची. मी बेशरमासारखा ती उशी घ्यायचो.

सहाव्या आठवड्यात वाचनालय भरत आलं आणि अडलं. फिल्म करायला घेतली की पडद्यावर 'मेमरी अपुरी' असं यायचं आणि सगळं बंद. वहिनीनं बाहेरची झाडं काढली. पुन्हा बंद. माणसं काढली, तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्च्या काढल्या. शेवटी कपाटांतली पुस्तकं काढली, तेव्हा कुठे ते चाललं.

दादा ऑफिसातून आला, पडद्यावर वाकून बघत म्हणाला, "अगं, ह्याचं गोदाम झालं की!"

तो एकटाच हसला. वहिनी म्हणाली, "जमणारे लोक हेच काम सहज करत असतील. मलाच येत नाही. माझंच मॉडेल जड होतं."

"मग साहेबांना विचार ना."

"त्यांना कशाला? बिचाऱ्यांनी दोन दिवस खपून कार्ड निवडलंय. कार्डाचा दोष नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी मी मूग गिळून बसलो, हे लिहून ठेवतो. अंथरुणावर पडून मी एक नवी थाप रचली. कार्डच सदोष निघालं म्हणायचं, बदलून आणतो म्हणायचं, पदरचे घालून सोळावालं आणायचं आणि वर शाबासकी घ्यायची. थाप इतकी सुबक जमली होती की माझी मलाच किळस आली.

सकाळ उजाडली. काम द्यायला चार दिवस उरले होते. वहिनीनं फोन हातात घेतला. "मॅडमना सांगून टाकते, दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. फजिती होण्यापेक्षा बरं." तिचे डोळे सुजलेले होते.

"ठेव तो फोन," मी म्हणालो. "तुझं काही चुकलेलं नाही. तुला सोळावालं कार्ड हवं होतं."

"हे आता लक्षात आलं का तुमच्या?"

थाप तोंडाशी आलेली होती. ती गिळली. "नाही. तेव्हाच माहीत होतं."

"मग?"

"मला गेम खेळायचा होता."

चौतीस वर्षांचा घोडा मी. ते वाक्य मोठ्यानं बोललो तेव्हा ते किती फालतू आहे ते कळलं. दादानं जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि ते मला चाललं असतं दिवसभर. वहिनी ओरडली नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं, भावजी," ती म्हणाली. "तोंडानं विचारलं होतं."

"हो."

"ह्या दिवसांत मी स्वतःला मठ्ठ समजायला लागले होते."

"वहिनी, माफ कर. नव्याचे पैसे मी देतो."

"ते तर द्यालच," ती म्हणाली आणि चप्पल घालून एकटीच दुकानात गेली.

सोळावालं कार्ड तिनं आणलं, तिनंच बसवलं. झाडं परत आली, माणसं आली, सगळी पुस्तकं कपाटात गेली. फिल्म वेळेवर पोचली आणि मॅडमनी पाठोपाठ आणखी दोन कामं दिली. वहिनी माझ्याशी बोलते, चहाही देते. रविवारी मी त्या खोलीत जात नाही.

दोन महिन्यांनी तिनं दुसरा कॉम्प्युटर जोडायला घेतला. रिकामं कॅबिनेट जमिनीवर ठेवलेलं, ती पडद्यावर कार्डं बघत होती. मी दारात घुटमळत होतो. तीन पंख्यांचं एक कार्ड ती निवडतेय असं दिसलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"वहिनी, ते लांबीला बत्तीस सेंटिमीटर आहे. ह्या कॅबिनेटमध्ये तीसच जागा आहे. त्यातलंच दोन पंख्यांचं घे, मेमरी तेवढीच आहे, आणि बसेलही." शब्द न् शब्द खरा होता. अगदी देवाशपथ.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो का?" म्हणाली. मग उठली, खणातून नकाशांच्या वेळची मोजपट्टी काढली आणि कॅबिनेटपाशी गुडघ्यांवर बसली. आत अंधार होता, म्हणून मी मोबाइलचा उजेड धरला. तिनं पट्टी एका टोकाला टेकवली, दुसऱ्या टोकापर्यंत ओढली, आकडा वाचला.

"तीस. बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता.

मग तिनं पट्टी उचलून परत लावली आणि दुसऱ्यांदा मोजलं.