माकली एक, जकात दोन

गिऱ्हाइकाला युरोपात सवलतीची जकात लागली, तर गोटीराम म्हात्र्यांना महिन्याला एक कंटेनर अशी बारा महिन्यांची ऑर्डर होती. नाही लागली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या देशाचा माल घेणार आणि पावणे गावच्या एमआयडीसीतल्या शेडला कुलूप. सिडकोकडून जमिनीचे पैसे आले तेव्हा भावकीनं बंगले बांधले होते, गोटीरामशेठनी मासळी गोठवायची शेड बांधली. एकोणीसशे पंच्याण्णव उजाडलं तरी भावकीचं हसणं थांबलं नव्हतं. ऑर्डर आली, तर निदान ते तोंड बंद होणार होतं.

कागद बघायला शहाजी कदम होता. साताऱ्याचा, माळकरी, अक्षर मोत्यासारखं. मासा त्यानं फक्त फॉर्मवर पाहिलेला. मालाचं नाव काय, असं त्यानं विचारलं तेव्हा शेठ ‘माकली’ म्हणाले. शहाजीनं सहाशेच्या सहाशे खोक्यांपुढं ‘स्क्विड’ लिहून टाकलं.

सवलतीच्या दाखल्यावर सही करायला अधिकारी अकराला येणार होते. नऊ वाजता शहाजीनं गिऱ्हाइकानं पाठवलेलं जकातीचं पत्रक पुन्हा वाचलं आणि शेठच्या केबिनीत आला तो पांढराफटक पडून.

“शेठ, सवलत फक्त स्क्विडला हाय. खालच्या ओळीत कटलफिश, त्याला पुरी जकात. त्याच्या पोटात म्हणं हाड असतंय. आपल्या मालात हाड असतंय का?”

“काहींत असतं.”

“काहींत म्हणजे?”

“अरे, आमी दोघींना माकलीच म्हणतो.”

शेठच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही एकाच कालवणात पडत आल्या होत्या. जकातीला मात्र कालवणाचं काही पडलेलं नव्हतं. साफ करून लाद्या गोठवल्यावर कुठली कोण हे बाहेरून कळायची सोय नव्हती आणि सहाशे खोकी उकलायची म्हणजे माल वितळून मातीमोल. अधिकाऱ्यांनी उघडलेल्या चार खोक्यांत एक जरी चुकीचं निघालं, तर दाखला गेला.

शेठ स्वतः उठून मासळी साफ करणाऱ्या बायकांकडे गेले. त्यांची म्होरकी राहीबाई, सारसोळ्याची कोळीण. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातली सुरी मात्र थांबवली नाही.

“शेठ, तुमाला माकली खायाची कलते, सोलायची नाय. हाडाची समदी तीन नंबरच्या टेबलावर जाते.”

ते कोणी सांगितलं, असं शेठनी विचारलं. सांगितलं कोणीच नव्हतं. पोटातलं ते हाड म्हणजे समुद्रफेस. वाशीतला एक औषधवाला तो किलोवर घ्यायचा. हाडं इकडं तिकडं जाऊ नयेत म्हणून बायकांनी वर्षभर ती जात एकाच टेबलावर वेचून टाकली होती. आणि प्रत्येक खोक्यावर टेबलाचा नंबर असायचाच.

शहाजी थंड खोलीत धावला. तीन नंबरची एक्काहत्तर खोकी निघाली. त्यांचा वेगळा कागद झाला, पुऱ्या जकातीचा. उरलेल्या पाचशे एकोणतीसांचा नवा फॉर्म टाइप होतोय तोवर अधिकारी दारात. त्यांनी चार खोकी उघडली, चारींत स्क्विडच. चहा घेतला, सही केली, शिक्का मारला. गाडी वळणाआड गेली तसे शेठ पालथ्या क्रेटवर बसले आणि पोट धरून हसत सुटले. शहाजीलाही हसू फुटलं, माळ हातात धरून.

हसणं ओसरायची वाट पाहून राहीबाईनं हळूच विचारलं, आता हा वेचायचा काम कंपनीचा झाला ना? शेठनी किलोमागं चाळीस पैसे वाढवून दिले, घासाघीस न करता. असं त्यांच्या हातून पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हा हिशेब असा. पाचशे एकोणतीस खोक्यांवरची सवलत परदेशातल्या सरकारनं सोसली. एक्काहत्तर खोक्यांची पुरी जकात गिऱ्हाइकानं भरली, कुरकुरत, पण ऑर्डर दिली. चाळीस पैसे गोटीरामशेठचे. आणि अधिकाऱ्यांच्या चहा-बिस्किटांचे अकरा रुपये शहाजीनं भरले, कारण पहिला फॉर्म त्याच्या अक्षरात होता.