थेट प्रक्षेपण आणि माझी तत्त्वं

माझी बायको लिफ्ट दुरुस्त करते. वीस वर्षांत दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली किती माणसं तिनं बाहेर काढली असतील, देव जाणे. एका इंटरनेट रेडिओवाल्याला तिचा पत्ता लागला आणि त्यानं तिला मुलाखतीला बोलावलं. सकाळी अकरा वाजता, अर्धा तास, थेट. पुन्हा लावणार नव्हते. तीन दिवस ती कुकरसमोर उभी राहून उत्तरं घोकत होती.

"तू ऐकतोयस एवढं डोक्यात असलं ना, की माझी बोबडी वळणार नाही," निघताना ती म्हणाली.

"ऐकतोय म्हणजे काय, कान लावून बसतो," मी म्हणालो.

आता माझ्याबद्दल. आमच्या कॉम्प्युटरवर ओपन सोर्स आहे. म्हणजे सगळी यंत्रणा फुकट, आणि तिचं पोट उघडून कुणीही आत बघावं अशी. विकतच्या यंत्रणेवर माझा बहिष्कार. दोन मजले खाली सासूबाई राहतात, त्यांच्याकडे ती विकतचीच आहे, आणि त्यावरून मी त्यांना येता-जाता टोमणे मारत आलोय. मोबाइलवर तेव्हा फक्त बोलता यायचं.

अकराला पाच कमी असताना मी रेडिओ लावला. चौकट उघडली, रेघ पुढे सरकली, आवाजाचा पत्ता नाही. त्या शहाण्यांनी आवाज कुठल्याशा कंपनीच्या खास फॉरमॅटमध्ये कोंबला होता, आणि तो वाजवणारा प्रोग्रॅम फक्त विकतच्या यंत्रणेवर चालायचा. ओपन सोर्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं. एकानं लिहिलं, सगळी यंत्रणा नव्यानं बांध. दुसऱ्यानं लिहिलं, असलं काही तुला ऐकावंसं वाटतंच कसं? मला ते पटलं, हीच तर पंचाईत.

खाली जायला चाळीस पायऱ्या होत्या. मी दारापर्यंत गेलोही, पण सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि पाय पुढे पडेना. परत येऊन मी रेडिओवाल्यांना ईमेल ठोकली. इथे एक अक्षर ऐकू येत नाही, तुम्ही आवाज कोंडून ठेवता, श्रोत्यांना गुलाम समजता, वगैरे, घरी बायकोला रोज ऐकवतो तेच. नाव घातलं नाही, पण मजकूर झणझणीत उतरला होता. पाठवल्यावर मला फार बरं वाटलं.

साडेअकराला दार वाजलं. दारात सासूबाई, धापा टाकत.

"जावईबापू, तुमचं पत्र वाचलं त्यांनी."

"कोणी?"

"रेडिओवाल्यांनी. शेवटी श्रोत्यांची पत्रं वाचतात ना. तो निवेदक खूप हसला. हिला म्हणाला, हा माणूस कुठेतरी अडकलाय बाई, याला तुम्ही कसं बाहेर काढाल?"

"मग? ती काय म्हणाली?"

मला वाटलं, आता या माझी सालटी काढणार. पण त्या हसल्यासुद्धा नाहीत.

"तोवर काय छान बोलत होती पोरगी. एकदम गप्पच झाली. मग म्हणाली, हे पत्र माझ्या नवऱ्याचं आहे. मला इतका वेळ वाटत होतं, तो ऐकतोय."