पत्र्याच्या डब्यातली बाळंतीण

मी एक रानउंदरीण बोलतेय. मुक्काम झुडपाखालचं बीळ, पदरी नुकते डोळे उघडलेली पिल्लं आणि डाव्या कानात पत्र्याचा बिल्ला. बिल्ला हौसेचा नाही. या रानात गोचिडी तपासायला दोघी संशोधक बाया येतात, त्यांनी तो लावलाय.

त्या पत्र्याचे लांबट डबे मांडून जातात. आत दाणे, शिवाय थंडी वाजू नये म्हणून कापूस. पाऊल पडलं की दार बंद! सकाळी येऊन त्या आमच्या कानांवरच्या गोचिडी चिमट्याने काढतात, कानाचा कणभर तुकडा घेतात आणि सोडून देतात. लाइम आजाराचे जिवाणू कुठवर पोचलेत, ते त्यातून कळतं म्हणे. आम्हाला त्यांचं काही होत नाही. माणसांना मात्र ताप, सांधेदुखी. आणि गोचीड ते उचलते आमच्याच रक्तातून, मग चावून माणसांत सोडते. घरात काही बिघडलं की आईकडे बोट, तसं रानात आमच्याकडे.

काल मी पुन्हा डब्यात शिरले. दाण्यांसाठी नाही हो, कापसासाठी! पिल्लांना मऊ अंथरूण नको? दार लागलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: दूध डब्यात, पिल्लं बिळात. वा गं शहाणे!

सकाळी डबा उघडला.

"अगं बाई, ही परत! हावरट कुठली," धाकटी म्हणाली.

थोरलीने माझं पोट पाहिलं. "हावरट नाही, पाजतेय ती. हिला आधी सोडू."

"आणि नमुना?"

"गोचीड काढून घे. कान राहू दे आज. माझ्या लेकीनेही एव्हाना आजीच्या नाकी नऊ आणले असतील."

पाय गवताला लागताच मी धूम ठोकली. बिळातून चूं नाही की चां नाही. आत बघते तर शेजारच्या बिळातल्या जाऊबाई माझ्या पिल्लांना निवांत पाजत पडलेल्या.

"आलात? आम्हाला वाटलं, तिकडेच संसार थाटलात!"

पिल्लांनी तर मान वळवूनही पाहिलं नाही. आईची किंमत, दुसरं काय!

मग एकेकाचे कान तपासले. धाकट्याच्या कानावर खसखशीएवढी गोचीड. माझ्याकडे कुठला चिमटा? तुमच्याकडे आहे. म्हणून सांगते, गवतातून आलात की लेकरांच्या कानांमागे, गुडघ्यांमागे नीट बघत जा. 'आई, पुरे गं!' म्हणून ओरडतील. ओरडू देत.

माझाही ओरडतोय. त्याला पंजाखाली धरलंय आणि गोचीड दातांनी ओढायची आहे. तेव्हा आता बोलणं बंद; तोंड कामाला लागलंय.