धक्क्यावरच्या तोफेचा निकाल

नाटे गावाजवळील एका लहानशा बंदरात, धक्क्याच्या टोकास, एक पुरातन तोफ तोंड जमिनीत खुपसून कित्येक पिढ्या उभी होती. अकबर तांडेलाच्या आजोबांपासून त्या घरची होडी तिलाच बांधली जाई. शेजारचे लाकडी खुंट कुजले होते, आणि त्या एका होडीवरच अकबरच्या घरातील चूल अवलंबून होती.

सन २००३ मध्ये गावास इतिहासाची जाग आली. निवृत्त शिक्षक आत्माराम गुरुजी यांचे प्रतिपादन असे की, सदर तोफ आपल्याच आरमाराची. सबब ती चौथऱ्यावर, तोंड समुद्राकडे करून, सन्मानपूर्वक बसवावी. सरपंच गंगाराम यांचे मत सर्वस्वी विरुद्ध. तोफ फिरंग्यांची, म्हणून तोंड गावाकडेच हवे, जेणेकरून पूर्वजांनी काय सोसले ते बालकांस उमजावे! ह्या मतभेदापायी गावात दोन समित्या झाल्या, दोन सार्वजनिक गणपती झाले, आणि रस्त्याच्या खड्ड्यांचा ठराव तीन ग्रामसभांत वाचलाच गेला नाही. तोफ उपटावी, एवढ्यापुरते मात्र उभयतांचे एकमत होते.

"आणि माझी होडी वो?" अकबरने सभेत विचारले.

"अकबरभाई, राष्ट्राच्या इतिहासापुढे होडी ती काय!" गुरुजी उद्गारले.

"असां? मग शुक्रवारचे बांगडे काय इतिहासातून आले होते तुमच्याकडे?"

सभा हसली, परंतु ठराव झाला.

मुहूर्त पौर्णिमेचा काढला. दोन्ही समित्यांनी पंचांग पाहिले, भरती मात्र कोणीच पाहिली नाही. पहारी लावून तोफ उपटली, खड्ड्याच्या काठावर आडवी केली, आणि तोंड कोणीकडे यावरून वादास प्रारंभ होतो न होतो तोच समुद्रास उधाण आले. कुजक्या खुंटास तात्पुरती बांधलेली होडी खुंटासकट सुटून खडपाच्या काळ्या खडकांकडे निघाली.

धावत जाऊन अकबरने दोर पकडला आणि जवळ उभ्या असलेल्या गुरुजी व सरपंच यांच्या हातांत कोंबला. "धरा! सुटला तर माझी पोरां उपाशी मरतील!" असे ओरडून, बांबू घेऊन त्याने होडीत उडी टाकली.

दोघेही विद्वान दोरास लोंबकळले.

"सरपंच, तुम्ही ढील देताय!"

"तुमचं आरमार बोलवा की ओढायला!"

लाट आली. गुरुजींचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. दुसरी आली, सरपंचांची चप्पल घेऊन गेली. होडी खडपापासून हातभर अंतरावर आली. अकबर बांबू रेटीत अल्लाची करुणा भाकीत होता.

"अरे, बघताय काय मेल्यांनो?" सरपंच किंचाळले. "ती तोफ परत पुरा!"

दोन्ही समित्यांचे तरुण तोफेस भिडले. एकाने निष्ठेने विचारले, "तोंड कोणीकडे?"

"खाली!" गुरुजी व सरपंच एकाच स्वरात गरजले.

तोफ धाडकन खड्ड्यात उतरली, दोराचे तीन वेढे पडले, आणि होडी थांबली. अकबर ओलाचिंब वर आला. त्याने गाठ दोनदा ओढून पाहिली व नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, हा ठराव एकमताचा म्हणून लिहून घ्या."