मांद्र्याला तापणारी गाडी

आमच्या गाडीला एक खोड लागली होती. धारगळहून निघाली की पार्सेपर्यंत शहाण्यासारखी चालायची आणि मांद्र्यात शिरली की तापायची. मांद्र्यात म्हणजे कुठेही नव्हे. आमच्या सेजलच्या फाटकापासून शंभर पावलांच्या आत.

सेजल ही आमची एकुलती मुलगी. तिला सरकारी नोकरी लावायला आमच्या ह्यांनी, म्हणजे बाबुरावांनी, तीन वर्षं चपला झिजवल्या होत्या. सरकारी नोकरी म्हणजे काय हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. ती नोकरी सेजलने चौदा महिन्यांत सोडली आणि नवऱ्याबरोबर मांद्र्याला गेस्टहाऊस काढलं. बातमी कळली त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन देवळात गेले आणि देवापुढे गाऱ्हाणं घालून शपथ घेतली, की सेजलच्या घरच्या पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला चार गावकरी हजर होतेच. त्यांचं काय जात होतं? मुलगी माझी जात होती.

दीड वर्ष हे तिच्या दारात गेले नाहीत. दर रविवारी आम्ही हरमलला ह्यांच्या बहिणीकडे, पद्मावतीकडे जातो. मांद्रे वाटेत येतं म्हणून हे मुद्दाम कोरगावच्या रस्त्याने वळसा घालून जायचे. मी शेजारी बसून दातओठ खायची. मी एकटी बसने सेजलकडे जाऊन यायची, पण परत आल्यावर हे कधी ‘बरी आसा मा?’ एवढंही विचारायचे नाहीत. फक्त जेवताना रेडिओ बंद करायचे, मी आपणहून काही बोलेन म्हणून. मीही हट्टी. बोलायची नाही.

मग एका रविवारी कोरगावचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला निघाला. मांद्र्यावरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सेजलचं फाटक जवळ आलं आणि बॉनेटमधून वाफ आली, पेज उतू जाते तशी. हे स्टिअरिंग धरून बसून राहिले. सेजल धावत आली.

“बाबा, पाणी हाडू?”

“गाडीक हाड,” हे समोर बघत म्हणाले. “माका नको.”

तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडता येत नाही, अर्धा तास थांबावं लागतं. त्या अर्ध्या तासात मी आत जाऊन चहा घेतला, आणि हे गाडीत घाम पुसत बसले. मग सेजलने बादली आणली, ह्यांनी पाणी ओतलं आणि जाताना म्हणाले, “बादली बरी आसा.” दीड वर्षानंतर बापाने मुलीला म्हटलेलं हे पहिलं बरं वाक्य!

पुढच्या आठवड्यात कोरगावच्या रस्त्यावरचा चर बुजवला. हे मात्र मांद्र्यावरूनच जात राहिले. “हयसून रस्तो गुळगुळीत आसा,” म्हणे. आणि गाडी दर रविवारी न चुकता फाटकाशी तापायची. माझा नवरा गाडीत बसून खिडकीतून विचारायचा, “गिऱ्हायकां येतत काय?” सेजल म्हणायची, “येतत.” “पंखे बरे फिरतत?” “फिरतत.” एवढं झालं की पाणी ओतून निघायचं. हे पाणी पीत नव्हते, गाडी पीत होती. देवाला ह्यात काही बोलायला जागा नव्हती.

ज्याने तीस वर्षं खाणीवरचे ट्रक हाकले, इंजिनाच्या आवाजावरून आजार सांगितला, त्याला स्वतःच्या गाडीची गळती सापडत नव्हती, ह्यावर मी विश्वास ठेवायचा होता. शेवटी मीच हट्ट धरून गाडी हायवेवरच्या सिद्धेशच्या गॅरेजात न्यायला लावली.

सिद्धेश तरुण आहे, पण कामात पक्का. त्याने आधी गाडीखाली पुठ्ठा घातला आणि तासाभराने काढला. कोरडा. पाइप चाचपले, वॉटर पंपाच्या खाली बोट फिरवलं, आतलं पायपुसणं उचलून ओल बघितली. कुठेच काही नाही. ऑईलची काडी काढून बघितली. “ऑईल दुधासारख्या पांढरा नाय झाला. म्हणजे इंजिनाच्या पोटात पाणी जाणा नाय, काकी. ह्या बरा झाला.”

“मी सांगललंय, काय नाय म्हणून,” हे म्हणाले. “वायच हळद टाक रेडिएटरात. बारीक भोक आसलां तर बुजता.”

“हळद माशांच्या हुमणात घाला, काकानू,” सिद्धेश म्हणाला. मला तो मुलगा तेव्हाच आवडला.

मग त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून आत हवा भरली. काटा चढला आणि हळूहळू उतरायला लागला. टॉर्च धरून बघितलं तर वरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या सांध्यात केसाएवढी चीर. थंड असताना मिटलेली, गरम झाली की उघडायची. म्हणून पुठ्ठा कोरडा.

“दोन वाटो आसत,” सिद्धेश म्हणाला. “नवो रेडिएटर घाला, नायतर गाडी विका. सतरा वर्सांची आसा, पण इंजिन अजून खणखणीत. अशीच तापवत ऱ्हवलात तर एक दिवस इंजिनाचा हेड वाकडा होतला, मग भंगारवालोच येतलो.”

“बघूया,” हे म्हणाले. बघूया म्हणजे नाही, हे मला चौतीस वर्षांच्या संसारात कळलेलं आहे.

मला राग आला. घरी येऊन मी विचार केला, ह्या चिरेच्या आडून किती दिवस बाप मुलीला बघणार? बहाणा काढून घेतला की ह्यांना आपल्या पायांनी आत जावंच लागेल. हे गुरुवारी साखळीला लग्नाला गेले, दोन दिवस राहणार होते. मी सिद्धेशला बोलावून नवा रेडिएटर बसवून घेतला. सेजलला फोनवर सांगितलंही, आता गाडी तापायची नाही. ती एवढंच म्हणाली, “बरा केलंस, आई.” आवाजावरून काही बरं केलेलं दिसत नव्हतं.

रविवारी निघालो. पार्से गेलं. मांद्रे आलं. ह्यांची नजर रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त. काटा मध्ये ठाण मांडून बसलेला. सेजल फाटकाशी उभी होती, हातात भरलेली बादली. गाडी तापणार नाही हे माहीत असूनही तिने बादली भरली होती. आणि आम्ही तिच्यासमोरून निघून गेलो.

मी आरशात बघितलं. तिने बादली खाली ठेवली आणि तशीच उभी राहिली. मला स्वतःची एवढी चीड आली, की काय सांगू! शहाणपणा करायला गेले आणि जे होतं तेही घालवलं.

तिठ्यावर ह्यांनी गाडी बाजूला घेतली. डिकीतून पक्कड काढली, कंबरेला लुंगी खोचावी तशी पँट वर ओढली, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी गाडीखाली घुसले. क्षणभराने “आयला!” अशी आरोळी आली आणि रस्त्यावर रेडिएटरातलं गरम हिरवं पाणी वाहायला लागलं. हे बाहेर आले ते उजवा हात झटकत.

“गाडी गळता,” म्हणाले. “मागे व्हरूक व्हयी.”

“गळता काय गळवलात?”

ह्यांनी रिव्हर्स गिअर टाकला आणि तिठ्यापासून फाटकापर्यंत गाडी उलटी नेली. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्या पर्यटकांनी हॉर्न वाजवले, ह्यांनी ऐकलं नाही.

सेजलने आधी गाडीखाली बघितलं, मग ह्यांची हिरवी झालेली बाही, मग लाल झालेला हात. तिने हाताला धरून बागेतल्या नळाशी नेलं आणि नळ सोडला.

“तापलेल्या गाडीक हात लावतत, बाबा? लहान आसात?”

“रेडिएटर नवो आसा,” हे म्हणाले. “तुझ्या आवशीन बसवल्यान. गाडी भायर काढतानाच माका कळला.” हिरवी बाही वर सारली. “पाणी मीच सोडलंय.”

सेजल हात सोडेना. नळ वाहत होता. ह्यांनी बाजूची बादली बघितली, वाकले, आणि मोकळ्या डाव्या हाताने पाणी घेऊन प्यायले. पंगतीत कोणी डाव्या हाताने पाणी प्यायलं तर हे आजवर त्याला उठवत आलेत.

“बाबा, ता गाडीसाठी भरललां!”

“गाडीक आज नको,” हे म्हणाले आणि पुन्हा वाकले.

देवाला सोमवारी नारळ देऊन काय ते सांगू, असं मी मनात ठरवलं, आणि फाटकाला टेकून तिथेच रडले.