हंबीररावांचा आवाज माझ्यातून गेला

मित्रांनो, राजारामपुरीतल्या एका छोट्या रेडिओ केंद्राच्या टेबलावर उभा असलेला मी एक जुना माईक आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. माझी जाळी एका बाजूला चेपली आहे, तरी आवाज अजून स्वच्छ जातो. अफसानाताई इथे रोज सकाळी गप्पांचा कार्यक्रम करतात. डॉक्टर, पैलवान, पुढारी असे कितीतरी पाहुणे माझ्यासमोर बसून गेले. "काय आवाज येतो तुमचा!" अशी लोक पाहुण्यांना शाबासकी देत, तेव्हा मी मनातून सुखावत असे.

त्या सकाळी हंबीरराव आले. पक्षाच्या सभेत सतरंज्या अंथरण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता जिल्हाध्यक्षपदासाठी ते आणि तरुण धैर्यशील समोरासमोर होते. निवड कार्यकर्त्यांना विचारून होणार, असं ठरलं होतं. हंबीरराव नवा फेटा बांधून आले होते आणि रंगात येऊन बोलत होते.

तेवढ्यात राधानगरीहून केरबा नावाच्या श्रोत्याचा फोन आला.

"हंबीरराव, कशाला बोलायलाय? धैर्यशीलरावांचं नाव मगाशीच मुंबईतनं जाहीर झालंय की! हितं चौकात गुलाल उधळाय लागल्यात."

हंबीररावांचा हात फेट्याकडे गेला. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आदळत राहिला.

"मला कुणी फोन बी केला न्हाय वो," ते म्हणाले. मग सावरून बोलले, "असू दे. पोरगं चांगलं हाय. शुभेच्छा त्याला."

अफसानाताईंनी घाईघाईत गाणं लावलं, पण माझं बटण चालूच राहिलं. कार्यक्रम संपला असं समजून हंबीररावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"ताई, आता घरी काय सांगू? बायकोनं ओवाळून पाठवलंय."

मला ओरडावंसं वाटलं, 'थांबा, सगळं बाहेर जातंय!' पण मला स्वतःचा आवाज कुठे आहे?

कुणीतरी रेकॉर्ड केलेलं ते वाक्य गाण्यासकट मोबाईलवर फिरलं. चहाच्या गाड्यांवर लोक ते पुन्हा पुन्हा लावून हसले. अफसानाताईंनी घरी जाऊन हंबीररावांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "तुमचं काय चुकलं? पण आता रेडिओवर नको."

पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीत धैर्यशील बसले. ताईंनी विचारलं, "हंबीररावांना आधी कुणी का कळवलं नाही?"

"राजकारणात चालायचंच," ते हसून म्हणाले. ताईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्यावर तळवा दाबला. "ह्यो प्रश्न नको." त्या तळव्याखाली मी नुसता गुदमरत राहिलो.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाचा आवाज रडवेला होऊ लागला, तर तुम्ही पटकन पुढे होऊन माझं बटण बंद करा. मला हात नाहीत.